प्रॉम्प्टरला मत नसतं

चंद्रभान धकाते यांची देशापुढच्या प्रत्येक मोठ्या प्रश्नावर ठाम भूमिका होती. अडचण एवढीच होती की ती त्यांना पाठ नव्हती.

संरक्षण म्हणा, आयात म्हणा, लोकसंख्या, फुकटच्या योजना, देशभर एकाच वेळी निवडणूक, देशभर एकच कायदा, एकाही विषयावर ते इंचभर मागे हटायला तयार नव्हते. फक्त कुठून मागे हटायचं नाही, ते कोणीतरी आधी सांगावं लागे. हे काम गेली कित्येक वर्षं गुलाब रंगारी करत आला होता.

भंडाऱ्याच्या बाजारात धकात्यांचं कापडाचं दुकान. बापजादे कोष्टी, हातमागावर आयुष्य काढलेले. चंद्रभान मागावरून उठून गल्ल्यावर बसले आणि गल्ल्यावरून उठून राजकारणात गेले. गल्ल्यावर आता मुलगा संजीव बसे. सगळा जिल्हा त्यांना भय्याजी म्हणे. राष्ट्रीय परंपरा पक्षाचे ते जिल्हाध्यक्ष होते. जिल्ह्यात पक्षाची माणसं इतकी मोजकी होती की फूट पाडायची म्हटली तरी एका बाजूला कोणी उरलं नसतं.

राजकारणाच्याही आधीपासून भय्याजी नाटकात होते. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. दिवसा दंडारीचा नाच, पाळणे, सिंगाड्यांचे ढीग आणि घरोघर पाहुणे. रात्री नाटक. नट चार गावांचे, तालमीला सवड कोणाला? म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेखाली, पेटी-तबल्याच्या शेजारी प्रॉम्प्टर बसतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अख्खं नाटक वाचतो. तो आधी म्हणतो, "थांब नराधमा!" मग नट म्हणतो, "थांब नराधमा!" पुढच्या कितीतरी रांगांना दोन्ही ऐकू जातं. पण प्रॉम्प्टरचं ऐकायचं नसतं, हे या झाडीपट्टीतल्या पोराला चालायला लागण्याआधी कळतं. टाळी नटालाच.

भय्याजींनी या रंगभूमीवर राजे केले, जमीनदार केले, वय वाढल्यावर सासरे केले. वैनगंगेच्या पुलावर उभं राहून हाक मारली तर पलीकडची एसटी थांबावी, असा आवाज. पण वाक्य एकही पाठ नाही. गुलाबने द्यावं आणि भय्याजींनी गर्जावं. पहिल्या जाहीर सभेत भाषण करायची वेळ आली तेव्हा त्यांना दुसरी काही रीत सुचलीच नाही. गुलाबला म्हणाले, "गुलाब्या, खाली बसशीन का बे?" गुलाब बसला, तो बसलाच.

गुलाब एकोडीचा. पोस्टातून निवृत्त. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे, आणि मतदान नेमकं भय्याजींच्या विरोधात. परंपरा पक्षाची एकही गोष्ट त्याला पटत नसे, हे तो भय्याजींना दर सभेनंतर चहा पिताना सविस्तर सांगे. पण सभेत मात्र दिल्लीहून आलेली धोरणाची पुस्तिका तो नाटकाच्या वहीसारखी वाची, ना काना कमी ना मात्रा जास्त.

"तुले एवढं पटत नाही त वाचतं काहून?" भय्याजी विचारत.

"प्रॉम्प्टरले मत नसते, भय्याजी. मत असलं की जागा चुकते."

यंदा एकोडीच्या मंडईला महत्त्व आलं होतं, कारण लोकसभेचं तिकीट. भय्याजींनी ते आजवर दोनदा मागितलं आणि दोनदा हुकलं. पुढच्या खेपेला त्यांचं वय पक्षाच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. पक्ष परंपरेचा असला तरी उमेदवार त्याला नवीन लागत. तेव्हा मिळालं तर आताच. पक्षाने निरीक्षक म्हणून विजयमाला देशकर यांना पाठवलं होतं. राष्ट्रीय प्रश्नांवर उमेदवाराची पकड किती आहे, ते त्या स्वतः ऐकून जाणार होत्या.

तिकीट कशासाठी हवं, हे भय्याजींनी कोणाला सांगितलं नव्हतं. पैसा बरा होता, मानही होता, लोक उठून खुर्ची देत. पण दुकानात कुठला माल भरायचा, नातीला कुठल्या शाळेत घालायचं, भिंतींना रंग कोणता, यातलं काहीही त्यांना कोणी विचारत नसे. संजीव ठरवून टाकी, बायको सत्यभामाबाई त्याच्याही आधी ठरवून टाकत. मात्र एखादा माणूस खासदार झाला, की पेपरवाले त्याच्या दारात उभे राहून विचारतात, "साहेब, यावर आपलं मत काय?" भय्याजींना ते एकदा ऐकायचं होतं.

दुपारी ते एकोडीत पोचले तेव्हा मंडई ऐन भरात होती. रात्रीच्या नाटकाचं स्टेज उभं होतं, त्यावरच सभा होणार होती. गुलाब कडेखालच्या आपल्या जागी चटई टाकून बसला होता, चश्मा पुसत.

"सगळं लिहून आणलं ना बे?" भय्याजींनी वाकून विचारलं.

"आणलं. हातवारेबी लिहिले हायेत. मांगच्या वेळी शेतकऱ्याच्या दुःखावर तुम्ही हसले होते."

"ते मले मंग कळलं, दुःखाचं होतं म्हणून."

"आज लोकसंख्येपाशी जरा हळू घ्या. तुम्ही पाच भावंडं. तुमचे थोरले समोरच बसले हायेत."

"थे बहिरे हायेत."

"म्हणूनच सांगून राहिलो. बायको त्याईच्या कानात वरडून सांगते. सारी मंडई ऐकते."

स्टेजवर दोरीने लोंबकळणारा माइक यंदा नवा होता. नाटक कंपनीने नागपूरहून आणला होता आणि माइकवाला तो मुंगीचं पाऊलही पकडतो असं ज्याला-त्याला सांगत होता. तो माइक नेमका गुलाबच्या डोक्यावर होता. याचं कोणालाही काही वाटलं नाही. इथे प्रॉम्प्टर ऐकू येतो हे सगळ्यांना ठाऊकच होतं. फरक एवढाच की आज तो पाळण्यांपर्यंत, सिंगाडेवाल्यांपर्यंत, थेट हायवेपर्यंत ऐकू जाणार होता.

निरीक्षक बाईंची वाट पाहून शेवटी सभा सुरू झाली. त्यांची गाडी मंडईच्या तोंडाशीच अडकली होती. पुढे फुगेवाला, मागे दंडारीवाले, आणि दोन्ही अंगांना माहेरी आलेल्या लेकी. पण गावभर भोंगे लावलेले होते. बाईंनी गाडीची काच खाली केली आणि सीटवर मान टेकून उमेदवार ऐकला. त्यांनी काय ऐकलं ते भय्याजींना नंतर कळलं.

बाईंनी दोन आवाज ऐकले. पहिला आवाज शांत, स्पष्ट, प्रत्येक शब्द धुऊन वाळवलेला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, जो देश आपल्या सीमा राखत नाही, तो आपलं घरही राखत नाही."

आणि मागोमाग दुसरा आवाज, ढगांच्या गडगडाटासारखा, तेच वाक्य.

"देशाच्या बाजारात परदेशी मालाला जागा नाही. मूठ आवळा."

भय्याजींनी मूठ आवळली आणि फक्त पहिलं वाक्य गर्जलं.

बाईंना पहिला आवाज फार आवडला. काय पकड! काय संयम! कुठे आरडाओरड नाही, शब्दांचं अवडंबर नाही. आणि मधूनमधून ती छोटी छोटी आवाहनं: मूठ आवळा. मान वर करा. इथे थांबा. एक पाऊल पुढे या. देशाला यापेक्षा वेगळं काय सांगायचं असतं? दुसरा आवाज मात्र कोणाचा असावा, हे त्यांना उमगेना. मागच्या लोकांसाठी कोणी कार्यकर्ता मोठ्याने म्हणून दाखवत असावा, असं त्यांनी ठरवलं आणि ही लोकाभिमुख व्यवस्था डायरीत नोंदवून घेतली.

बाई स्टेजवर पोचल्या तेव्हा शेवटचं वाक्य चालू होतं; तो शांत आवाज कडेखाली चटईवर बसलेल्या माणसाचा आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग भाषण संपून टाळ्या पडल्या. भय्याजी हात जोडून, मान किंचित झुकवून स्टेजच्या कडेला उभे राहिले. हार घालून घ्यायला किती झुकायचं, एवढं मात्र त्यांना पाठ होतं. बाई हार घेऊन भरभर आल्या, त्यांच्या अंगावरून पुढे गेल्या, चार पायऱ्या उतरल्या, आणि चटईवर बसलेल्या गुलाबच्या गळ्यात हार घालून मोकळ्या झाल्या.

भजेवाल्याचा झारा कढईतच राहिला. पाळणासुद्धा वरच्या वर थांबला.

"अभिनंदन, धकातेजी!" बाई म्हणाल्या. माइक डोक्यावरच होता, त्यामुळे अभिनंदन हायवेपर्यंत झालं. "मी इतके उमेदवार ऐकले, पण इतका स्पष्ट विचार ऐकला नव्हता. आणि तुमचे ते मोठ्याने बोलणारे सहकारी, तेही चांगले आहेत हं. आवाज आहे त्यांना."

गुलाबने चश्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, थे मोठ्यानं बोलणारे उमेदवार हायेत. मी गुलाब रंगारी, प्रॉम्प्टर."

पुढच्या रांगेतून कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग आवरेना. बायका पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.  भय्याजींना हसण्याचं काही वाटलं नाही, नाटकवाल्याला हसण्याची सवय असते. त्यांचं सगळं लक्ष त्या हारावर होतं. दोनदा हुकलेला हार. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि गुलाबच्या गळ्यात होता.

बाई राजकारणात मुरलेल्या होत्या, त्या गडबडल्या नाहीत. "मग काय झालं? विचार ज्याचा, तिकीट त्याचं. आमच्या पक्षात गुणांची कदर होते. रंगारीजी, तुम्हीच उभे राहा."

भय्याजींनी गुलाबकडे पाहिलं. गुलाब "होय" म्हणाला असता तर ते काय करणार होते? काही नाही. वाक्य द्यायला माणूसच उरला नसता.

"मॅडम," गुलाब म्हणाला, "तुमच्या पक्षाचं एकबी मत मले पटत नाही."

"पण किती मनापासून बोललात तुम्ही!"

"मनापासून नाही, चश्म्यातून. मी नीट वाचतो, एवढंच. परवा लाखनीकडं नाटकात मी सासूची वाक्यं दिली. सुनेले भर पावसात घराबाहेर काढलं. घरी माही सून मले दोन वेळ ताजी भाकर वाढते. तिनं काही मनावर घेतलं नाही."

"आणि तुमची स्वतःची मतं?"

"थे आज राहू द्या. तुम्ही पाहुण्या, मंडईचा दिवस हाये. जेवण कडू कायले करता?"

त्याने हार काढला, पायऱ्या चढून भय्याजींच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या खांद्यावर बसला नाही म्हणून दोनदा ओढून सारखा केला. भय्याजींनी श्वास सोडला. पण बाईंनी स्टेजवर खुर्ची मागवली होती.

"ठीक आहे," त्या बसत म्हणाल्या. "आता उमेदवाराला स्वतःला काय वाटतं ते ऐकू. रंगारीजी, तुम्ही माझ्या शेजारी बसा. आणि बोलायचं नाही."

"बोलत नाही," म्हणत गुलाबने एक अख्खा सिंगाडा जामिनासारखा तोंडात टाकला.

"भय्याजी, पक्ष म्हणतो देशभर सगळ्या निवडणुका एकाच वेळी व्हाव्यात. आपलं मत काय?"

हेच ते वाक्य. आयुष्यभर ऐकायचं राहिलेलं वाक्य आज पहिल्यांदा कानावर पडलं, तेही अशा वेळी. भय्याजींची नजर आपोआप कडेखाली गेली. तिथे रिकामी चटई होती. मग त्यांना मंडई ऐकू आली. कढईतले भजे, कुठेतरी रडणारं पोर, दंडारीवाल्याचा सैल घुंगरू. एवढी वर्षं स्टेजवर उभं राहून त्यांनी खालून येणाऱ्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"सांगा न भय्याजी!" कोणीतरी ओरडलं.

"सांगतो न बे, थांब," भय्याजी म्हणाले. आणि तोंडातून जे निघालं ते पुस्तिकेच्या मराठीत निघालं नाही, घरच्या मराठीत निघालं.

"मॅडम, मी त म्हणतो, सारं एकाच वेळी नोको. हे पाहा, एकोडीचा हा पूल झाला तवा पंचायत समितीची निवडणूक होती. बोअर झाली तवा विधानसभेची. खांबावरचे लाइट लागले ते लोकसभेच्या तोंडावर. अठी जे काही झालं ते कोण्या ना कोण्या निवडणुकीनं झालं. आता तुम्ही साऱ्याईची मिळून एकच केली, त आमाले एक त पूल भेटन नाही त लाइट. मंग अंधारात पूल पाहाचा का पुलाबिगर लाइट?"

टाळ्या पडल्या. भय्याजी दचकले. ही टाळी कोणाची, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"आन दुसरं," ते म्हणाले, आणि आवाज थोडा वर चढला, "मंडई काहून दरसाल भरते? पाच सालात एकदा भरली असती त खर्च वाचला असता. पण मंग तुम्ही लेकीले पाच सालात एकदा पाहाल का? निवडणूकबी तशीच हाये. नेता दाराशी येते. येऊ द्या न घडीघडी."

"होय रे बाप्पा!" भजेवाला कढई सोडून ओरडला.

बाईंची पेन्सिल थांबली होती. "बरं. फुकटच्या योजनांबद्दल काय? पक्षाचा त्याला विरोध आहे. लोक आळशी होतात."

"लोक आळशी होतात का नाही हे मले ठाऊक नाही. मी मोजले नाहीत. पण मॅडम, लेक माहेरून जाते तवा आपण तिले रिकाम्या हाती धाडतो का? चिवडा देतो, लुगडं देतो, जावयाले टोपी देतो. तिची काही कमाई असते त्यात? ही आपली परंपरा हाये. सरकारनं धानाले बोनस देला त परंपरा मोडली कशी?"

पुढच्या रांगेत थोरल्या भावाच्या कानात त्याची बायको ओरडून एकेक वाक्य पोचवत होती. त्यामुळे टाळ्या दोन हप्त्यांत पडत होत्या, आधी सगळ्यांची आणि मग थोरल्याची एकट्याची.

"आयातीचं तरी?" बाईंच्या स्वरात आता विनवणी होती. "तुम्ही स्वतः कोष्टी. स्वदेशीवर तुमचं मत पक्कं असेल."

"पक्कं हाये. माह्या बापानं कोशाचं, रानरेशमाचं लुगडं इणलं, थे पक्कं स्वदेशी. फक्त त्यातला ताणा, उभा धागा, बाहेर देशातून यायचा. इथला कोसा मऊ, पण ताण्याले टिकत नसे. आडवा धागा आपला, हातबी आपले. त्या लुगड्यात लोकाईनं लग्नं लावली. कोणी इचारलं नाही, का बा उभा धागा कोण्या देशाचा. मॅडम, धागा बाहेरचा येऊ द्या, इणाले आपल्याले येते. फक्त लुगडं बाहेरचं नोको."

गुलाबच्या तोंडातला सिंगाडा केव्हाच संपला होता. तरी तो बोलला नाही. पण त्याचे ओठ हलत होते. सवयीने तो भय्याजींची वाक्यं त्यांच्या मागोमाग मनात म्हणत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच क्रम उलटा झाला होता.

"देशभर एकच कायदा," बाई म्हणाल्या. हे त्या बहुधा यादीत होतं म्हणून म्हणाल्या.

भय्याजींनी विचार केला. "गुलाबच्या पोराचं लग्न पाहा. वंदना झाली, दोन शब्द झाले, घटकेत मोकळे. माह्या संजीवचं तीन दिवस चाललं. त्याईच्या लग्नाले आमी पोटभर जेवलो, आमच्या लग्नात थे तीन दिवस जेवले. एकच करून टाकलं त कोणाचं जेवण कापाचं?"

"तो कायदा जेवणाबद्दल नाहीये, भय्याजी."

"मंग कायच्याबद्दल हाये?"

बाई पुस्तिकेचं पान शोधू लागल्या. पान सापडेना. "आधी तुम्ही वाचून या, मंग मी मत देतो," भय्याजी समजुतीने म्हणाले. "लोकसंख्येचं इचारता का? थे मीच सांगतो. मी घरातला पाचवा. तुमचा दोन लेकराईचा कायदा आधी आला असता त आज मी अठी नसतो."

"पक्षाचं बरं झालं असतं," गुलाब म्हणाला. माइकने ते इमानाने हायवेपर्यंत पोचवलं.

हसण्याने मांडव हलला. भय्याजी स्वतः इतके हसले की हार सुटून घरंगळला. बाईही हसल्या असत्या, पण त्या निरीक्षक होत्या.

"धकातेजी, तुम्ही पक्षाच्या एकाही धोरणाच्या बाजूने नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही परंपरा पक्षाचे आहात ना?"

"म्हणूनच त बोलून राहिलो! परंपरावाला म्हणजे जे चाललं थे हलवू नोका म्हणणारा माणूस. तुमची पुस्तिका मी आज नीट ध्यानात घेतली, त तिच्यात सारं नवंच हाये. नवी निवडणूक, नवा कायदा, नवी बंदी. एवढं नवं माह्या घरात आणलं त बायको मले बाहेर काढन."

सत्यभामाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. आजूबाजूच्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काढीन," त्यांनी दुजोरा दिला.

बाई फोन घेऊन पडद्यामागे गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. पडदा पातळ होता, पण एकोडीने कान टवकारून ऐकलं आणि सभ्यपणे ऐकलं नाही असं दाखवलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कामाचं हसू होतं.

"वरिष्ठांशी बोलले. त्यांना टाळ्यांचं सांगितलं. एवढ्या टाळ्या आमच्या अध्यक्षांनाही पडत नाहीत. तिकीट तुम्हालाच." गर्दीतून आरोळी उठली. बाईंनी हात वर केला. "अट एकच. प्रचारात स्वतःचा एकही शब्द बोलायचा नाही. मजकूर दिल्लीहून येईल. प्रॉम्प्टर हेच ठेवा, आमची हरकत नाही. उलट आग्रह आहे."

"माहीबी हरकत नाही," गुलाब म्हणाला. "नाटकाच्या तारखा सोडून. मी वाचून देईन, भय्याजी. माह्यामुळं तिकीट अडाले नोको."

म्हणजे सगळं जमलं होतं. हार खाली पडला होता, तो उचलून घालायचा तेवढा बाकी. भय्याजींनी तो उचलला. हातात धरून उभे राहिले. उद्यापासून पेपरवाले दारात येणार, साहेब आपलं मत काय विचारणार. आणि मत दिल्लीहून येणार, कडेखालून गुलाब देणार, आपण गर्जणार. गर्जना चांगलीच होईल, त्यात शंका नव्हती.

"घ्या न," सत्यभामाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता, मऊ. "एवढी वर्षं जीव टाकला त्याच्यासाठी."

भय्याजींनी सवयीने गुलाबकडे पाहिलं. गुलाबने चश्मा काढून खिशात ठेवला आणि पाळण्याकडे बघत बसला.

"मॅडम," भय्याजी म्हणाले, "तिकीट राहू द्या. मले आताच कुठं बोलाले येऊन राहिलं."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा टाळी पडली नाही, लोक एकदम उभेच राहिले. भजेवाल्याने झारा हवेत फिरवला. दंडारीवाल्यांनी कोणी सांगितलं नसताना ढोलकीवर थाप मारली आणि स्टेजवर येऊन भय्याजींभोवती फेर धरला. भय्याजींनी हातातला हार त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नाच्याच्या गळ्यात घातला आणि स्वतःही दोन गिरक्या घेतल्या. त्या गिरक्याही कोणी लिहून दिलेल्या नव्हत्या, ते बघणाऱ्याला लगेच कळत होतं.

विजयमालाबाईंना त्या गर्दीतून गाडी काढणं शक्यच नव्हतं. गुलाबची बायको रत्नमाला त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेली. मंडईचा पाहुणा, उपाशी जातो कसा? अंगणात पंगत बसली. वडे आले, भात आला, कोंबडीचा रस्सा आला. बाई रश्शाकडे पाहून घुटमळल्या.

"पक्षाचं आहाराविषयी धोरण..." त्या पुटपुटल्या.

"मंडईले रस्सा असतेच," भय्याजी म्हणाले. "परंपरा हाये."

बाईंनी दोनदा मागून घेतला. दुसऱ्या वाढीला त्यांनी कबूल केलं की त्यांच्या कॉलनीतला रस्ताही निवडणुकीच्या तोंडावरच झाला होता, आणि हे त्यांचं वैयक्तिक मत असून पक्षाचं नाही. गुलाबने मग त्यांना आपली मतं ऐकवली, एकेक करून, वाढता वाढता. जेवण कडू झालं नाही. बाईंनी प्रत्येकावर तितकाच ठाम विरोध नोंदवला आणि वडा घेतला.

"पण खरं सांगा," शेवटी त्यांनी भय्याजींना विचारलं, "एवढी संधी सोडली. वाईट नाही वाटत? आता पुढे काय करायचं, काय मत आहे तुमचं?"

भय्याजींनी घास खाली ठेवला. हात पुसला. सत्यभामाबाईंनी वाढता वाढता पातेलं टेकवलं आणि ऐकायला बसल्या. भय्याजी बोलू लागले. पुढे काय करायचं यावरून ते देशाच्या शेतीवर गेले, शेतीवरून कोशाच्या धाग्यावर, धाग्यावरून एसटीच्या वेळापत्रकावर आणि तिथून नातीच्या शाळेवर. कुठे अडखळले, कुठे एकच गोष्ट दोनदा सांगितली, एके ठिकाणी स्वतःचंच मत बदललं आणि त्याचा आनंद झाला. भात निवून गेला. कोणी उठलं नाही.

गुलाब शेवटी बाईंच्या कानाशी वाकला.

"मॅडम, आता याईले थांबवाले एक प्रॉम्प्टर लागन. तुमच्या पक्षात हाये का कोणी?"